गव्हाणीला तोंड एकच

काका, नमस्कार.

माझं वय ३९. लक्ष्मीपुरीत एका जिन्याखालच्या गाळ्यात माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. ९२ क्लायंट आहेत. चपलांची दुकानं, हुपरीचे चांदीवाले, गुळाचे अडते, शिरोलीतले जॉबवर्कवाले. त्यातले ६० जण दरमहा जीएसटी रिटर्नवाले, बाकीचे तिमाही. मदतीला दोन मुली आहेत. महिन्याच्या ८ तारखेपासून २० पर्यंत मी माणसात नसते. पहाटे साडेपाचला उठते, डबे, मुलीची शाळा, दहाला ऑफिस, रात्री साडेआठला घर, जेवणं झाली की परत लॅपटॉप, साडेअकरा-बारापर्यंत. विक्रीचं रिटर्न ११ तारखेला असतं, त्या धाकानं विक्रीची बिलं लोक कशीबशी देतात, पण खरेदीच्या पिशव्या निम्म्याहून जास्त १७-१८ नंतरच येतात. गेल्या महिन्यात रात्री पावणेबाराला एकाचं आयजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे परराज्यातल्या खरेदीवरच्या कराची वजावट, राज्यातल्या खरेदीच्या सीजीएसटीच्या रकान्यात टाकलं. भरून गेल्यावर लक्षात आलं. थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, एकदा भरलं की बदलता येत नाही. ती अख्खी रात्र मी छताकडे बघत काढली.

कुणाला उशीर झाला तर लेट फी कधीकधी मीच भरते, वाईट वाटतं म्हणून. रविवारी आडवी पडते, फोन हातात, आणि उठते ती जास्त दमून. मान धरलेली असते. मिस्टर म्हणतात, "तू घरी असतेस तेव्हाही वीस तारखेतच असतेस." रंकाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे, दिवाळीपासून गेलेले नाही. आणखी एक मुलगी ठेवू का? की पहाटे चारला उठायची सवय लावू? कामाचा उरक वाढेल असं काहीतरी सांगा.

– एक वाचक, कोल्हापूर

*

ताई,

चारला उठू नका. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचायच्या आत तुम्ही गजर लावून मोकळ्या व्हाल.

साडेपाचला उठलेला माणूस रात्री साडेदहाला १७ तास जागा झालेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली हेच मोजलं होतं. माणसांना जागं ठेवून त्यांच्याकडून हात आणि नजर यांचा मेळ लागणारी कामं करून घेतली, आणि दुसऱ्या खेपेला तीच कामं दारू पाजून करून घेतली. १७ तास जागा असलेला माणूस आणि रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेला माणूस, दोघं सारखेच निघाले. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे पावणेबाराला तुमची जी अवस्था होती त्या अवस्थेतल्या माणसाला दसरा चौकातला पोलीस स्कूटरला किक मारू देणार नाही, आणि तुम्ही त्याच्या हातात दुसऱ्याचं रिटर्न दिलंत. चारला उठलात तर हीच वेळ रात्री नऊला येईल. बाकी काही बदलणार नाही.

आता माझं सांगतो. मला तुमच्या कामातलं फारसं कळत नाही, पण तुमचं पत्र वाचताना मला आमचं यार्ड दिसलं.

मी ३१ वर्षं एका साखर कारखान्याच्या शेती विभागात होतो. लागलो तो चिटबॉय म्हणून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, चिटबॉय म्हणजे गावोगाव ऊस बघून तोडणीची चिठ्ठी देणारा पोरगा. पगार थोडका, पण हंगामात गावातला सगळ्यात मोठा माणूस तोच. पहाटे पाचला दारात माणसं. कुणाचा ऊस तुऱ्यावर आलाय, कुणाच्या पोरीचं लग्न काढलंय, कुणाला रान मोकळं करून गहू टाकायचाय. प्रत्येकाचं खरंच असायचं. मी बावीस वर्षांचा, कुणाला नाही म्हणायची लाज वाटायची. जो येईल त्याला चिठ्ठी, जो ओरडेल त्याला आधी चिठ्ठी.

पंधरा दिवसांत यार्ड भरलं. बैलगाड्यांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर गेली. गाडीवान गाडीखाली झोपलेले, बैल उपाशी, आणि तोडलेला ऊस तीन-तीन दिवस उन्हात. तोडलेल्या उसाचं वजन तासातासाला घटतं, साखरही उतरते. शेतकऱ्याचं वजन गेलं, कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, गेला, आणि ज्यांच्यावर मी उपकार केले होते तेच गेटावर माझ्या नावानं शिव्या देत होते.

शेतकी अधिकाऱ्यांनी बोलावलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला.

"मिल दिवसाला किती खाती रं?"

"अडीच हजार टन."

"आणि तू न् तुझी भावंडं मिळून चिठ्ठ्या किती टनाच्या फाडलाय?"

मी गप्प. तेहतीसशेच्या वर होत्या.

"लोकं मागत हुती साहेब."

"मागनारच की. त्यांचा ऊस हाय. पर गव्हाणीला तोंड एकच हाय का न्हाई?"

गव्हाण म्हणजे मिलमध्ये ऊस टाकायची जागा. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पण मी थोडं पुढे जातो, कारण इथं माणसं चुकीचं औषध घेतात. यार्ड तुंबलं की पहिल्यांदा वाटतं मिल वाढवा. तुम्हालाही तेच वाटलं, तिसरी मुलगी, पहाटेचे चार. मी तुमचाच आकडा घेऊन वहीवर हिशेब मांडला. माझा भाचा तुमच्याच धंद्यात आहे, त्याला फोन लावून तारखा पक्क्या केल्या. टू-बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटची यादी, १४ तारखेला येतं, थ्री-बीची शेवटची तारीख २०. मधला एक रविवार सोडला तर हातात सहा दिवस. ६० रिटर्न, दिवसाला १०. बिलं आधीच चढवून ठेवलेली असतील तर एक रिटर्न ताळा करून भरायला तुम्हाला किती लागतं? भाचा म्हणाला अर्धा तास, घोळ असेल तर पाऊण. दहा रिटर्न म्हणजे पाच-साडेपाच तास, फारच घोळ निघाले तर सात-साडेसात. दिवसाउजेडी बसतंय की हो!

म्हणजे तुमची मिल छोटी नाही आणि संथही नाही. ऊस एकदम येतोय. १ ते ७ तारखेला तुमच्या दोन मुली काय करतात, ते मला लिहायला तुम्ही विसरलात. मला वाटतं, फायली लावतात आणि मोबाईल बघतात. तिसरी आणलीत तर ७ तारखेपर्यंत तिघी मोबाईल बघतील आणि १८ ला तिघी रडतील. तीन महिने थांबा. त्यानंतरही गरज वाटली तर खुशाल ठेवा.

तर चिठ्ठी. कारखान्यात लागणीची नोंद असते, कुणाचा आडसाली (दीड वर्षाचा), कुणाचा खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला), त्या क्रमानं तोड येते. चेअरमनच्या चुलत्यानं वशिला लावला तरी (लावतात, हे मी नाकारत नाही) कागदावर तरी क्रम असतो. तुमच्याकडे कागदावरही नाही. ज्याची पिशवी आली तो आला. म्हणून या महिन्याच्या २१ नंतर ९२ जणांना एक मेसेज पाठवा. मीच लिहून देतो, भाषा हवी तर बदला:

"नमस्कार. पुढील महिन्यापासून विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत आणि खरेदीची बिलं १० तारखेपर्यंत ऑफिसला मिळावीत. त्यानंतर आलेले कागद आधी आलेल्यांचं काम झाल्यावर हातात घेतले जातील. त्यामुळे लेट फी लागल्यास ती आपल्याकडे राहील. १५ तारखेनंतर आलेल्या कामाची फी दीडपट होईल. फोन दुपारी ४ ते ५, एरवी निरोप ऑफिसमध्ये ठेवावा."

'कृपया', 'सहकार्य अपेक्षित', 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' यातलं काही घालू नका. क्षमस्व लिहिलंत की समोरचा समजतो, अजून घासाघीस चालेल.

लेट फी स्वतःच्या पर्समधून भरणं मात्र या क्षणापासून बंद. दिवसाला ५० रुपये, निरंक रिटर्न असेल तर २०, एवढी ती रक्कम. दुकानदाराला ती जड नाही. पण ती तुम्ही भरता तोवर १८ तारखेला पिशवी आणण्यात त्याचं काहीच जात नाही, मग त्यानं १० ला का आणावी? मीसुद्धा त्याच्या जागी असतो तर १८ लाच आणली असती.

दुसरं, हे भाच्यानं सांगितलेलं, आणि तुम्हाला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवणं आहे, तरी लिहितो. दरमहावाल्या ६० पैकी पाच कोटींच्या आतली उलाढाल असलेले किती जण निव्वळ सवयीनं दरमहा राहिलेत ते एकदा बघा. त्यातले ज्यांना शक्य आहे ते तिमाहीत गेले तर टॅक्स दरमहा २५ पर्यंत चलनानं भरायचा आणि थ्री-बी तीन महिन्यांनी, तेही आपल्या राज्यात २२ तारखेपर्यंत. ज्यांच्या गिऱ्हाइकाला दरमहा क्रेडिट हवं असतं त्यांची तेवढी बिलं पहिल्या दोन महिन्यांत १३ तारखेपर्यंत वेगळी चढवता येतात. एप्रिल ते जूनच्या तिमाहीसाठी हा बदल १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात करता येतो, पुढच्या तिमाह्यांना त्याच हिशेबानं. दहा जण जरी सरकले तरी तुमच्या सहा दिवसांतला एक अख्खा दिवस सुटला. मात्र तिमाहीच्या शेवटी गर्दी होईल, तेव्हा सगळेच एकदम सरकवू नका.

मेसेज गेल्यावर काय होईल? पाच-सहा जण "ओके मॅडम" म्हणतील आणि १८ लाच येतील. दोघं-तिघं फुगतील. एखादा सोडून जाईल. जाऊ द्या. माझा अनुभव असा, की सोडून जाणारा बहुतेक वेळा ज्याची फी थकलेली असते तोच असतो.

आता विश्रांतीचं. त्याचंही मला कारखान्यातूनच सांगता येतं, दुसरं मला काय येतंय!

गळीत ऐन भरात असताना मिल मध्येच बंद ठेवतात, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. दारात ऊस उभा आणि तुम्ही साफसफाई काढता? पण रस आटवायच्या भांड्यांमध्ये नळ्या असतात, त्यांच्या आतून क्षाराचा थर धरतो. पहिल्या दिवशी कळत नाही. आठवड्यानं वाफ थोडी जास्त लागते, पंधरवड्यानं रस उकळायला वेळ लागतो, मागचं सगळं हळू होतं, आणि पाळीवरचा माणूस म्हणतो, आज ऊसच वाईट आहे. ऊस तोच असतो. मग जनरल क्लीनिंग लागतं. ते कधी करायचं हे आधीच ठरलेलं असतं, ऊस संपल्यावर करू म्हणून चालत नाही, कारण ऊस संपतो एप्रिलात.

तुमचं काम तर एप्रिलातही संपत नाही. म्हणून तुमचं क्लीनिंग २१ तारखेला. दर महिन्याच्या २१ ला ऑफिस बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच बारा महिन्यांच्या २१ ला लाल पेननं 'बंद' लिहा, आणि मुलींनाही पगारी सुट्टी द्या. २१ ला रविवार आला तर २२.

हा मजकूर मी आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तिला सांगा, एकवीसला घरी थांबू नको म्हणावं. घरी थांबली की सासूबाई म्हणतील बँकेत जाऊन ये, नवरा म्हणेल गॅसवाला येणार आहे, आणि ती स्वतःच माळा काढून बसेल." मी ३१ वर्षं हंगामातून घरी येऊन "दमलोय" म्हणून आडवा पडलो, आणि त्या ३१ वर्षांत त्यांचा हंगाम कधी उलगला हे मी विचारलेलं नाही, असंही त्यांनी ओघात ऐकवलं. तेव्हा या बाबतीत त्यांचंच ऐका. २१ ला सकाळी घराबाहेर पडा. जोतिबाला जा, पन्हाळ्याला जा, मैत्रिणीकडे गडहिंग्लजला जा, काहीच नाही तर संध्यामठाच्या बाजूला रंकाळ्याच्या कठड्यावर बसून राहा. फोन घरी ठेवता आला तर उत्तम. आणि ८ ते २० या दिवसांत रात्रीचं जेवण मिस्टरांनी बघायचं. त्यांचं ते वीस तारखेचं वाक्य चांगलं आहे, पण नुसत्या वाक्यानं भाकरी होत नाही.

रविवारी फोन घेऊन आडवं पडणं ही विश्रांती का होत नाही, हे तुम्हीच लिहिलंय, जास्त दमून उठता. त्या फोनमध्ये ९२ माणसं आहेत. तुम्ही बघता रेसिपी, पण वरून खाली पट्टी सरकते, 'मॅडम जरा बोलायचं होतं'. झालं. रविवारी सकाळी तो फोन कपाटात घाला आणि अर्धा तास चाला. मानेला आडव्या पडण्यापेक्षा चालण्यानंच आराम पडायची शक्यता जास्त. रोज रात्री साडेनऊनंतर लॅपटॉप उघडायचा नाही. १९ तारखेलासुद्धा नाही. झोप सात तास धरा, म्हणजे साडेपाचला उठायचं तर साडेदहाला डोळे मिटलेले हवेत.

पहिल्या महिन्यात हे जमणार नाही. मेसेजचा असर यायला दोन-तीन महिने जातात, तोवर एखाद्या १९ तारखेला तुम्ही लॅपटॉप उघडाल. उघडलात तर निदान त्या वेळी बिलं चढवा, रिटर्न भरू नका. बिलाची चूक सकाळी सापडते आणि पुसता येते. 'फाईल'चं बटण दिवसा.

आणखी एक गोष्ट, ती मात्र नीट वाचा. पावसाळ्यात आपण सगळे सकाळी उठून काय बघतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हे दोन आकडे झोपेत विचारले तरी येतात. नदीकाठच्या प्रयाग चिखलीचा माणूस पाणी ३९ ला टेकतं तेव्हाच जनावरं सोडायच्या तयारीला लागतो, ४३ ची वाट बघत बसत नाही. तुमच्या पत्रात मला ३९ दिसतंय. धरलेली मान, रात्रभर छताकडे बघणं, सुट्टीनंतरही न जाणारा शीण. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मुलीवर विनाकारण खेकसणंही होत असेल, आणि एकच ओळ तीनदा वाचणं. ही तुमची इशारा पातळी, आणि हे सगळं मी वर लिहिलं ते याच पातळीचं काम आहे.

४३ वेगळं. छातीत दुखणं, दम लागणं, याला तारीख बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टर. दोन-तीन आठवडे सलग झोप नाही, जेवणावरची वासना गेली, कशातच मन लागत नाही, किंवा 'नकोच हे सगळं' असं मनात यायला लागलं, तर सल्ल्याच्या सदराला पत्र लिहीत बसू नका. फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारची टेली-मानस म्हणून सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. आमच्या एका कारकुनानं हंगाम संपल्यावर दाखवू म्हणत ४३ अंगावर काढलं होतं. हंगाम संपला तेव्हा तो कामावर यायच्या स्थितीत नव्हता, आणि पुढचा अख्खा हंगामही त्याचा गेला. त्याच्या टेबलावर बसून त्याचं काम मीच केलं, म्हणून मला ठाऊक.

राहता राहिला तो चपलांच्या दुकानाचा माणूस. तुम्ही पत्राबरोबर त्यांच्या पिशवीचा फोटो पाठवलात, तो बघून आम्ही दोघं बराच वेळ हसलो. भडंगाची पिशवी, त्यात बिलं, आणि बिलांना तिखटाचा हात. ते पुढच्या १८ ला नक्की येणार. आले की बसवा, चहा द्या, आणि त्यांच्या देखत पिशवीवर मार्करनं तारीख लिहून ती रांगेत सगळ्यात मागे ठेवा. ते बघतील, तुम्ही चहा प्या. प्लॅस्टिकवर शाई पुसली जाते, म्हणून जाताना त्यांना एक खाकी पाकीट द्या, वर त्यांच्या दुकानाचं नाव आणि मोठ्या अक्षरात १० तारीख लिहून.